शीतयंत्रांचे दूरनियंत्रण : काल्हेर-ठाणे परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

ठाण्याहून भिवंडीस जाताना बाळकूम मागे पडून खाडीवरील कशेळीचा पूल ओलांडला, म्हणजे कशेळीस लागूनच काल्हेर हे गाव येते. भातशेतीचे, खाडीचे व रेतीच्या बंदराचे गाव अशी त्याची जुनी ओळख. गेल्या काही दशकांत ती ओळख पालटली असून आज काल्हेर म्हटले की गोदामे डोळ्यांपुढे उभी राहतात. मुंबई महापालिकेच्या जकातीच्या हद्दीबाहेर, परंतु मुंबईच्या अगदी दाराशी, अशी जागा व्यापाऱ्यांस सोयीची वाटली, हे या स्थित्यंतराचे एक प्रमुख कारण होय. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला व मुंबईची जकात संपुष्टात आली; गोदामे मात्र राहिली, किंबहुना वाढली. भिवंडी परिसरातील काही गोदामांतून औषधे व खाद्यपदार्थ ठेवण्याचे शीतकक्ष आहेत. खाडीच्या पलीकडे ऐरोली-महापेच्या पट्ट्यात निराळ्या प्रकारची गोदामे झाली आहेत. त्यांत माल नसतो, संगणक असतात. व्यवहारात त्यांस डेटा सेंटर म्हणतात. दोन्ही ठिकाणी थंडी गेली की ठेवलेली वस्तू गेली. आणि दोन्ही ठिकाणी, थंडी निर्माण करणारे यंत्र जेथे असते तेथे त्याची कळ फिरविणारा मनुष्य असेलच असे आज सांगता येत नाही. तो पुण्यास असेल, बंगळुरास असेल, किंवा समुद्रापलीकडेही असेल.

शीतयंत्रांचे हे दूरनियंत्रण म्हणजे इंटरनेटचे अपत्य, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. प्रस्तुत लेखकाचा मूळ विषय भाषाशास्त्र असल्यामुळे यंत्राइतकेच यंत्राच्या नावाकडेही लक्ष जाईल. त्यास इलाज नाही.

आरंभ पंख्यापासून करावा लागतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईतील कचेऱ्या, न्यायालये व साहेबांचे बंगले यांतून छतास टांगलेला कापडी पंखा असे. त्याची दोरी कप्पीवरून जाऊन भिंतीच्या भोकातून बाहेर व्हरांड्यात येई, आणि ती ओढणारा पंखेवाला तेथे बसलेला असे. या व्यवस्थेकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. गारवा खोलीत, चालकशक्ती खोलीबाहेर, आणि दोहोंना जोडणारी एक दोरी. पंखेवाल्यास बाहेर ठेवण्यामागे सोयीपेक्षा सामाजिक अंतराचा भाग अधिक होता हे उघड आहे. तथापि यंत्रदृष्ट्या पाहता हे दूरनियंत्रणच होय. त्यात उणीव होती ती एकच. बाहेरच्या माणसास आतले कळत नसे. आज्ञा भिंतीपलीकडून आत जाई, परंतु आतली वार्ता बाहेर येण्याचा मार्ग म्हणजे साहेबाचे ओरडणे. आज्ञा आणि वार्ता ही दोन अंगे वाचकांनी ध्यानात ठेवावीत, कारण पुढील सर्व इतिहास या दोहोंच्या निरनिराळ्या जुळणीचा आहे.

पंखा हवा हलवी, थंडी निर्माण करीत नसे. थंडी प्रथम जहाजातून आली. अमेरिकेतील बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने मे १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्यास धाडला. सप्टेंबरात तो पोहोचला तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढील वर्षी, १८३४ मध्ये, मुंबईसही असा बर्फ आला व त्यासाठी कोटात बर्फघर उभे राहिले. यंत्राने बर्फ तयार होऊ लागल्यावर तो व्यापार बुडाला हे सर्वश्रुत आहे. त्याची एक खूण मात्र आपल्या घराघरांत शिल्लक आहे. 'दीड टनाचा एसी' असे आपण सहज म्हणतो. तो टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. अमेरिकी मापाचा एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो तेवढी उष्णता काढून टाकण्याचे सामर्थ्य, असा त्याचा अर्थ असून तो सुमारे ३.५ किलोवॅट भरतो. बर्फाचा धंदा गेला आणि त्याचे माप भाषेत राहिले. या मापाने आजच्या डेटा सेंटरचा हिशेब केला तर अंतर स्पष्ट होते. पनवेलजवळ जुलै २०२० मध्ये सुरू झालेल्या 'योट्टा'च्या पहिल्या इमारतीची क्षमता सुमारे ७,२०० रॅक व ५० मेगावॅट अशी सांगितली गेली. तेवढी वीज पुरती वापरली गेल्यास तिची उष्णता काढण्यास चौदा हजार टनांहून अधिक शीतनसामर्थ्य लागेल; म्हणजे कलकत्त्यास उतरलेल्या ट्यूडरच्या त्या पहिल्या मालासारखी सुमारे एकशेचाळीस जहाजे, आणि तीही दररोज.

आता 'वातानुकूलन' या शब्दाकडे वळू. इंग्रजीतील 'एअर कंडिशनिंग' हा शब्दप्रयोग १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर या अमेरिकी अभियंत्याने रूढ केला, आणि तो कापडगिरण्यांच्या संदर्भात. गिरणीत सुतास योग्य ओलावा देण्याच्या क्रियेस 'कंडिशनिंग' म्हणत. तेच हवेचे करावयाचे म्हणून हे नाव. तत्पूर्वी १९०२ मध्ये विलिस कॅरिअर याने ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी योजना आखली तिचाही हेतू कागदाचा ओलावा काबूत ठेवण्याचा होता. मुळात हे शास्त्र सुतासाठी व कागदासाठी जन्मास आले. मनुष्याचे सुख हा त्याचा पुढचा उपयोग. भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या गावाजवळ बसून हे वाचताना मौज वाटते. आपल्या 'वातानुकूलन' शब्दात मात्र 'अनुकूल' आहे, आणि अनुकूल म्हटले की कोणास अनुकूल हा प्रश्न येतोच. शब्द घडविणाऱ्यांच्या मनात चित्रपटगृहात बसलेला मनुष्य असावा असे वाटते. संगणककक्षातील हवा मनुष्यास अनुकूल नसते. तेथे ती यंत्रास अनुकूल असते, आणि आत काम करणारा तंत्रज्ञ स्वेटर घालून वावरतो. मराठीने गारवा, थंडावा, थंडी असे सूक्ष्म भेद केले आहेत. पहिल्या दोहोंत सुख आहे, तिसऱ्यात नाही. गोदामांतील तंत्रज्ञ यांपैकी एकही न वापरता 'कूलिंग गेलं' असे म्हणतात, आणि ते मला चुकीचे वाटत नाही. सुखदुःखाशी संबंध नसलेल्या थंडीस त्यांनी निराळा शब्द घेतला, इतकेच.

दूरनियंत्रणाचे दुसरे अंग जे वार्ता, त्याचा इतिहास शाळेतून सुरू होतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक वॉरन जॉन्सन यांच्या वर्गात वेळोवेळी शिपाई येऊन तापमान पाही आणि तळघरातील भट्टीचा झडपा उघडी वा मिटी. या व्यत्ययास कंटाळून जॉन्सन यांनी तापमान पालटताच भट्टीवाल्याकडे घंटा वाजेल असे विद्युत्‌-साधन रचले व १८८३ मध्ये त्याचे स्वामित्वपत्र घेतले. त्यास त्यांनी दिलेले नाव 'इलेक्ट्रिक टेलि-थर्मोस्कोप', अर्थात् दुरून तापमान दाखविणारे. ज्यास आपण आज थर्मोस्टॅट म्हणतो त्याच्या या पूर्वजाच्या नावातच 'टेलि' हे उपपद आहे. यंत्र आपण होऊन चालू-बंद होण्यापूर्वी त्याने दूरवर वर्दी देण्यास आरंभ केला होता. पंख्यात आज्ञा होती, वार्ता नव्हती. येथे वार्ता आहे, पण कृती मनुष्याची. यावरून दूरनियंत्रण हे इंटरनेटचे अपत्य नव्हे, हे पुरेसे सिद्ध होते असे मला वाटते.

मुंबईत संगणक आला तेव्हा या दोन्ही परंपरा यंत्रशास्त्रात मुरलेल्या होत्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये 'टिफ्रॅक' हा देशी संगणक कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या, आणि निर्वात नलिका ही मुळात उष्णतेची जननी. पुढे १९६४ मध्ये त्याच संस्थेत 'सीडीसी ३६००' हा मोठा संगणक आला. अशा यंत्रांसाठी तापमान व आर्द्रता यांची मर्यादा सांभाळणे अपरिहार्य होते. त्या पिढीच्या संगणककक्षांतून भिंतीवर आलेखक असे. फिरत्या कागदावर शाईची रेघ उमटे, आणि ती पाहण्यासाठी मनुष्यास तेथे जावे लागे. या काळात दूरनियंत्रणाने एक पाऊल मागे घेतल्यासारखे दिसते, पण त्याचे कारण साधे आहे. संगणक एकच, कक्ष एकच, आणि यंत्राशेजारी चोवीस तास माणसे. दूरची गरजच नव्हती.

केवळ संगणककक्षासाठी बनविलेले शीतयंत्र १९६५ च्या सुमारास अमेरिकेत ओहायो राज्यातील राल्फ लीबर्ट यांनी सिद्ध केले. या नावाचा आपल्या परिसराशी संबंध आहे. टाटा समूहाच्या भागीदारीतून झालेली 'टाटा लीबर्ट' ही कंपनी ठाण्याची. पुढे ती इमर्सनकडे गेली, आणि २०१६ च्या अखेरीस इमर्सनचा तो विभाग वेगळा होऊन 'व्हर्टिव्ह' या नावाने चालू झाला. तिची भारतातील कचेरी ठाण्याच्या वागळे इस्टेटीत आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा जन्म १९६२ मध्ये याच वसाहतीत झाला, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. काल्हेरपासून ही जागा दूर नाही. गोदाम आणि त्यास थंड ठेवणाऱ्या यंत्रांचा व्यवसाय एकाच खाडीच्या दोन काठांवर वाढले.

यंत्रे वाढली तशी एका माणसाने अनेक यंत्रांवर नजर ठेवण्याची गरज उत्पन्न झाली, आणि येथून दोरीची जागा भाषेने घेतली. भाषा हा शब्द मी अलंकार म्हणून वापरीत नाही. १९७९ मध्ये 'मोडबस', १९८८ मध्ये 'एसएनएमपी' आणि १९९५ मध्ये 'बॅकनेट' असे यंत्रायंत्रांतील संभाषणाचे जे संकेत प्रसिद्ध झाले, त्यांस शब्दसंग्रह आहे, वाक्यरचना आहे, आणि संकेत मोडल्यास अर्थबोध होत नाही. एसएनएमपीचे व्याकरण तर पाणिनीच्या विद्यार्थ्यासही आवडावे इतके आटोपशीर आहे. त्यातील मुख्य क्रिया तीनच म्हणता येतील. 'गेट', म्हणजे यंत्राकडून मूल्य विचारणे; 'सेट', म्हणजे मूल्य बदलणे; आणि 'ट्रॅप', म्हणजे न विचारता यंत्राने कळविणे. पहिली व तिसरी वार्तेची, दुसरी आज्ञेची. व्हरांड्यातली दोरी आणि जॉन्सनची घंटा येथे प्रथमच एका जाळ्यात एकत्र नांदू लागल्या. विचारणाऱ्यास यात 'मॅनेजर' आणि यंत्रात बसलेल्या उत्तरदात्यास 'एजंट' अशी नावे आहेत. मुंबईच्या जुन्या पेढ्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांस शेटजी आणि गुमास्ता आठवल्यावाचून राहणार नाहीत.

याच भाषेतील आणखी एक शब्द मात्र विचार करावयास लावणारा आहे. आरंभीच्या एसएनएमपीत परवलीच्या शब्दास 'कम्युनिटी' म्हणत, म्हणजे समुदाय. आणि कारखान्यातून यंत्र निघताना त्यात वाचण्यासाठी 'पब्लिक' व बदलण्यासाठी 'प्रायव्हेट' असे शब्द भरून ठेवण्याची रूढी पडली. पुष्कळ ठिकाणी ते कोणी बदलीतच नसे. शिवाय हा शब्द जाळ्यातून उघडाच प्रवास करी; वाटेत कोणी ऐकले तर त्यास तो कळे. यात निर्मात्यांचा निष्काळजीपणा पाहणे अन्यायाचे होईल. त्यांच्या डोळ्यांपुढे परस्परांस ओळखणारे विद्यापीठीय जग होते, आणि समुदाय हा शब्द तेथे खरा होता. सुरक्षिततेची पक्की तरतूद असलेली तिसरी आवृत्ती प्रमाण म्हणून २००२ मध्ये मान्य झाली, पण यंत्रांचे आयुष्य प्रमाणांहून दीर्घ असते. एकदा बसविलेले शीतयंत्र पंधरा वर्षे सहज चालते. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांस इंटरनेट खुले केले, आणि हळूहळू समुदायासाठी रचलेली भाषा बोलणारी यंत्रे अनोळखी लोकांच्या बाजारात येऊन बसली.

दूरनियंत्रणाचे लाभ नाकारण्याचा येथे हेतू नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत माणसे जेथे होती तेथे अडकली. अशा दिवशी दुरून कळ फिरविता येणे ही चैन ठरत नाही. मार्च २०२० मधील टाळेबंदीने तर ही गोष्ट सर्वांच्या गळी उतरविली. अमेरिकेतील 'ॲश्रे' या शीतनशास्त्रज्ञांच्या संस्थेने संगणकाकडे जाणाऱ्या हवेची शिफारस २००४ मध्ये २० ते २५ अंश सेल्सिअस अशी केली होती, ती २००८ मध्ये १८ ते २७ अशी विस्तारली. ही ढील घेऊन वीज वाचवावयाची, तर शेकडो ठिकाणचे तापमान क्षणोक्षणी वाचीत राहिले पाहिजे, आणि ते जाळ्यावाचून होणे नाही. खाडीकाठच्या दमट हवेत आर्द्रतेचा प्रश्न त्याहून नाजूक. भिंतीवरील आलेखकाच्या भरवशावर हे कोणी करून दाखवावे.

परंतु दोरी एकदा अदृश्य झाली की तिचे दुसरे टोक कोणाच्या हाती आहे हे दिसत नाही. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेतील 'टार्गेट' या दुकानमालिकेतून सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या पतपत्रांची माहिती चोरीस गेली. चोर आत शिरले ते दुकानांच्या शीतनयंत्रणेचे काम पाहणाऱ्या एका कंत्राटदाराच्या नावाने. या प्रकरणाचा उल्लेख शीतयंत्राच्या दूरनियंत्रणातून झालेली चोरी असा केला जातो, तो बरोबर नाही. कंत्राटदारास दिलेला प्रवेश देयके, करार व कामाची आखणी यांसाठी होता, यंत्रे पाहण्यासाठी नव्हता, असे त्या कंत्राटदार कंपनीने स्वतःच जाहीर केले होते. इतिहासाच्या अभ्यासकाने हा फरक सोडता कामा नये. मात्र त्यामुळे बोध सौम्य होत नाही, उलट तीव्र होतो. यंत्रापर्यंत न पोहोचणारा प्रवेशही तिजोरीपर्यंत पोहोचला.

दुसरे उदाहरण शत्रूवाचून घडलेल्या अनर्थाचे आहे. १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सिंगापुरातील एका डेटा सेंटरमध्ये शीतजलव्यवस्थेच्या सुधारणेचे काम चालू असता कंत्राटदाराकडून थंड पाण्याच्या टाक्यांच्या झडपा बंद करणारा चुकीचा संकेत दिला गेला. कक्षांचे तापमान वाढले, आणि डीबीएस व सिटीबँक या दोन बँकांचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार पूर्ण होऊ शकले नाहीत. यंत्रात बिघाड नव्हता. यंत्राने आज्ञा तंतोतंत पाळली होती. पंखेवाल्यास चुकीचा हुकूम दिला तर तो निदान दाराआडून विचारू शकत असे.

तिसरे उदाहरण भिवंडी तालुक्यातलेच आहे, जरी ते शीतयंत्राचे नसून त्यास लागणाऱ्या विजेचे आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज गेली. लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनित्रांवर आली. कळवा-पडघा या उच्चदाब वाहिन्यांतील बिघाडाचा त्यात मोठा वाटा होता. पडघे हे भिवंडी तालुक्यातील गाव, काल्हेरचेच तालुकाबंधू. १ मार्च २०२१ रोजी राज्याचे तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्याच्या सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला देऊन घातपाताचा संशय व्यक्त केला. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी मात्र मानवी चूक हेच कारण असल्याचे सांगितले. दोन जबाबदार मंत्र्यांची एकाच घटनेविषयीची ही दोन कथने आहेत. पूर्वी पंखा थांबला तर दोरी तुटली की पंखेवाला झोपला, हे व्हरांड्यात डोकावून समजे. येथे लक्षावधी लोकांच्या डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेचे कारण साडेचार महिन्यांनंतरही वादग्रस्त राहिले. दूरनियंत्रणाच्या युगातील पुराव्याचे स्वरूप यावरून लक्षात यावे.

यापुढचा पुरावा कोठे शोधावयाचा, हा प्रश्न म्हणूनच संशोधकांचा आहे. जुन्या बर्फाच्या कारखान्यांत व शीतगृहांत दर तासाला दाब व तापमान टिपण्याची वही असे. चालकाचे हस्ताक्षर, पाळीची वेळ, क्वचित 'लाईट गेली', 'पाणी कमी', 'साहेबांना फोन केला' असा मजकूर. निम्मे मराठी, निम्मे देवनागरीत शिरलेले इंग्रजी. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे आणि बोलीच्या अभ्यासाचे असे साधन दुसरे मिळणे कठीण. आता ही नोंद यंत्र स्वतःच इंग्रजीत करते, आणि बहुतेक उपकरणांत जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात. 'सर्ट-इन' या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांन्वये अशा नोंदी १८० दिवस जपण्याचे व घातपाताची वर्दी सहा तासांत देण्याचे बंधन डेटा सेंटरांवर घातले आहे. एकशेऐंशी दिवस तपासास पुरतील, इतिहासास पुरत नाहीत. भिवंडी, ठाणे व ससून गोदी येथील शीतगृहांतून अशा जुन्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांच्या प्रती करून घेण्याचे काम विभागातील दोन-तीन विद्यार्थ्यांनी हाती घेतल्यास एका उन्हाळी सुटीत ते बऱ्याच अंशी होण्यासारखे आहे. वह्या मागताना मालकापेक्षा पाळीवरच्या जुन्या चालकास आधी भेटावे. त्या कोणत्या फळीवर आहेत हे त्यालाच ठाऊक असते.